चाळीस टक्के जड विश्व

आठशे कोटी कण एकमेकांना ओढत होते आणि आयलेन क्रावेरो पडद्यापुढे कपाळाला हात लावून बसली होती. चूक तिचीच होती. दुसऱ्या कुणाची तरी निघावी म्हणून सकाळपासून तिनं सगळ्या फाइली पालथ्या घातल्या होत्या.

कोर्दोबाच्या महासंगणकावर एकाहत्तर दिवस तिचं विश्व घडत होतं. अजून पाच दिवस, की प्रबंध पुरा. तिच्या वाट्याचा संगणकाचा वेळ तेवढाच उरला होता आणि शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच होती. पहिल्यापासून करायला ना यंत्र होतं, ना पोटापाण्याची सोय.

या धंद्यात एक खुळी रीत आहे. विश्व किती वेगानं फुगतंय यावर जुन्या मंडळींचं एकमत होईना, म्हणून तो आकडा वस्तुमानातून बाजूला ठेवायचा आणि शेवटी ज्याचं त्यानं त्या आकड्यानं भागून घ्यायचं. आता आकडा बऱ्यापैकी ठरलाय, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिला मिळालेल्या कणांच्या वस्तुमानांच्या यादीत हा भागाकार आधीच झालेला होता. आयलेननं पुन्हा भागलं, आणि शेजारी स्वतःच लिहिलं, ‘खबरदारी म्हणून.’ झालं! आकडा एकाहून लहान, त्यामुळे भागल्यावर एकेक कण चाळीस टक्के जड झाला आणि पुंजके नको तेवढे, नको तितक्या लवकर जमले. महिन्यापूर्वी ते दिसले तेव्हा या बाईसाहेबांना वाटलं, नवा शोध लागला. आईला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं.

गप्प बसता आलं असतं. परीक्षकांच्या लक्षात आलं असतंच असं नाही. पण मग जन्मभर त्या खोट्या विश्वावर भाषणं देत फिरावं लागलं असतं. ती उठली आणि यंत्रघरात गेली.

यंत्रघर रुबेन गिगेना सांभाळायचा. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा; त्या काहिलीत थंडाव्याचं एक यंत्र बंद पडलं, तेव्हापासून नऊ दिवस त्यानं बाकी सगळ्यांची कामं थांबवून फक्त हिचं चालू ठेवलं होतं. घामानं निथळत तो येर्बा, म्हणजे तिकडचा कडू पानांचा चहा, नळीनं ओढत बसला होता.

“ये गं काडी! पाच दिवस. वीज गेली तर पुठ्ठ्यानं वारा घालीन, पण तुझं बाळंतपण पार पाडीन.”

“बंद कर, रुबेन.”

“काय बंद करू? वारा?”

“सगळं. चुकलंय. मी दोनदा भागलं.”

त्यानं नळी तोंडातून काढली. “दोनदा?”

“हो.”

“आणि हे आज कळतंय तुला?”

ती उभ्याउभ्या रडायला लागली. गिगेनानं शिवी हासडली, मग दुसरी, आणि कळफलक तिच्याकडे ढकलला. “तूच कर. माझ्यानं नाही व्हायचं.”

तिनं आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. पंखे मंदावले. एकाहत्तर दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीत माणसाला माणसाचं न ओरडता ऐकू येईल इतकी शांतता झाली.

“रांगेत पुढं कोण आहे?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“फाब्रिसियो. तुझ्यासाठी पहिलं त्याचंच थांबवलं मी. दोन दिवसांचं राहिलं होतं.”

“मग लाव ना आत्ता! होऊन जाईल त्याचं.”

“त्याची प्रबंध द्यायची तारीख सोमवारी गेली, काडी.” गिगेनानं फोन तिच्यापुढे सरकवला. “तरी सांग त्याला. यंत्र मोकळं झालंय म्हणावं.”

तिनं नंबर लावला. फाब्रिसियोनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

“आयलेन?” तो म्हणाला. “झालं का गं तुझं एकदाचं?”