मंगळवार नव्हे, शुक्रवार

फोन आला तेव्हा तो ट्रकच्या चाकाचे नट आवळत होता. हात ग्रीसने माखलेले, म्हणून पहिल्यांदा त्याने उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला, तर बायकोच्या ऑफिसातून, गहू संशोधन केंद्रातून तिच्या वरिष्ठ मॅडम बोलत होत्या. "ताई काचघरात चक्कर येऊन पडल्या. लगेच दवाखान्यात या." तो पोचला तोवर सगळं संपलं होतं. तो शनिवार होता.

बुधवारी मॅडम घरी आल्या. बरोबर केंद्रातले जुने सहायक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तिचा एप्रन, चिमटा आणि डबा टेबलावर ठेवला. डबा कुणीतरी घासून आणला होता.

"ताईंचा शेवटचा संकर साधलाय," मॅडम म्हणाल्या. "तीन दाणे धरलेत. उद्या सोळावा दिवस. उद्या काढतो."

टायरवाल्याला गव्हातलं काय कळणार? पण एकवीस वर्षं या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. गव्हावर तांबेरा पडतो, शेतंच्या शेतं गंजल्यासारखी होतात. एका रानगवताला मात्र तो शिवत नाही. गवताचं ते बळ गव्हात उतरवायचं, एवढाच तिचा ध्यास. गव्हाच्या फुलांतले कोवळे परागकोश चिमट्याने एकेक काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी घालायची, आणि दोन-तीन दिवसांनी फूल तयार झालं की गवताचे पराग लावायचे. दाणा धरला तरी तो आतून पोकळ. सोळाव्या दिवशी आतला भ्रूण काढून काचनळीतल्या खाद्यावर ठेवावा लागतो. आधी काढला तर जगत नाही, उशीर झाला तर आतच वाळतो. अकरा वर्षं हे गवत तिला दाद देत नव्हतं, आणि ती त्याचा पिच्छा सोडत नव्हती.

एकदा त्याने हौसेने तिचा चिमटा हातात घेतला होता. "राहू द्या," ती हसली होती. "तुमच्या बोटांनी टायर उघडतो, फूल नाही."

"सोळावा कुठून धरला?" त्याने विचारलं.

"लेबलवरच्या तारखेपासून. मंगळवारपासून."

"मंगळवार नव्हे मॅडम. शुक्रवार."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "अहो, पराग लावल्याची तारीख लेबलवर घालायची, हा केंद्राचा नियम आहे."

"असेल. ती घालत नव्हती. सुरुवातीला एकदा लेबल मागाहून लिहू म्हणाली आणि दोन ओंब्यांची अदलाबदल झाली. वर्ष वाया गेलं. तेव्हापासून परागकोश काढले की तिथेच, त्याच दिवशी लेबल लिहायची. पराग लावल्याचा दिवस डोक्यात. भ्रूणही तीच काढायची, म्हणून कुणाला कळलं नाही."

"पण शुक्रवार कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"घरी आली आणि म्हणाली, 'अहो, आज लग्न लावलं.' पराग लावले की असंच म्हणायची. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं; आमच्याकडे फक्त शुक्रवारी पाणी येत नाही. मी शेजारून बादली आणली, तेव्हा कुठे हात धुऊन जेवायला बसली."

"बादलीवरून तारीख ठरवायची?" मास्तर म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरून थांबलो आणि चुकलं, तर तिन्ही दाणे वाळतील. ताईंची अकरा वर्षं मातीत. जबाबदारी कुणाची?"

चार दिवस त्याला धड झोप नव्हती. सकाळी चहा घेतला की नाही, तेही आठवत नव्हतं. त्याने मनाशी तो शुक्रवार पुन्हा एकदा तपासला.

"माझी," तो म्हणाला. "तिच्या कामाबद्दल मी अंदाजाने बोलणार नाही."

"उद्या एकच दाणा उघडू," मॅडम म्हणाल्या. "मग ठरवू."

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. "भ्रूण टिंबाएवढा होता. उचलताना फुटला. तुमचंच बरोबर आहे. रविवारपर्यंत थांबतो."

आपला शब्द खरा ठरवायला तिचा एक दाणा गेला, हे त्याला लागलं.

रविवारी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. मास्तरांनी स्वतः स्टूल पुढे केलं. पहिल्या दाण्यातला भ्रूण तपकिरी पडलेला निघाला. दुसऱ्यातला पांढरा होता. मॅडमनी श्वास रोखून तो सुईच्या टोकावर उचलला आणि नळीत ठेवला. नवव्या दिवशी त्याला हिरवं टोक फुटलं.

"त्या दिवशी मी तुम्हाला जरा टाकून बोललो," मास्तर म्हणाले.

"तुमचं नशीब ती नव्हती. नियम सांगायला गेलात म्हणून तुम्हाला उभं धुतलं असतं."

मास्तर हसले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

रोप आता चार पानांचं झालं आहे. तांबेरा त्याला शिवतो की नाही, ते अजून पाहिलेलं नाही. ओंबी आली की तिला गव्हाचे पराग लावायचे आहेत, आणि गवताचं बाकी सगळं गळून ते बळ तेवढं उरावं म्हणून पुढे निदान पाच-सहा पिढ्या तेच करत राहायचं आहे. ताईंच्या जागेवर अजून कुणाला नेमलेलं नाही.