रुबिडियमचा चौकोन

लांब चिमटा तिनं पाण्यावर धरून पाहिला. हात स्थिर होता. चिमट्यात काचेची सीलबंद कुपी, कुपीत चांदीसारखा चमकणारा इवलासा तुकडा.

"सगळ्या जणी काचेच्या पडद्यामागे," प्रयोगशाळेतले मामा म्हणाले. "नाकं आत ठेवा. बाईंच्या तासालाही हाच नियम होता."

बाई म्हणजे तिची आई. सारा जन्म या खोलीत रसायनशास्त्र शिकवून गेल्या महिन्यात गेलेली. भिंतीवर आईनं स्वतः आखलेली आवर्तसारणी होती आणि तिच्यातले बरेच चौकोन कोरे होते. जे मूलद्रव्य या खोलीत, मुलींच्या डोळ्यांसमोर आपला गुण दाखवेल, त्याचाच चौकोन रंगवायचा, हा आईचा हट्ट. पहिल्या स्तंभात लिथियम फिकट, सोडियम गडद, पोटॅशियम त्याहून गडद. खालचा रुबिडियम कोरा. शाळेला तो कधी परवडलाच नाही.

'मी आणीन,' असं लेकीनं कबूल केलं होतं. आधी आईचा आजार आला. आता ती काम करत होती त्या संशोधन संस्थेनं ही एकच कुपी दिली होती. प्रयोग फसला तर चौकोन कोराच राहणार होता.

चिमटा खाली न्यायच्या आधी ती थांबली. आई अंदाज ऐकल्याशिवाय कुठलाच प्रयोग करत नसे.

"काय होईल?"

"पोटॅशियमपेक्षा जोरात होईल, ताई," चष्मेवाली मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"खाली जाऊ तसा अणू मोठा होतो. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडतो. मग त्याला सुटायला वेळ लागत नाही."

तिनं चिमटा पाण्याच्या आणखी जवळ नेला.

"क्लोरीनच्या घराण्यात उलटं," दुसरी म्हणाली. "खाली जाल तसे आळशी. आमच्या शेवटच्या बाकासारखे."

मुली हसल्या. त्या हसण्यातच तिनं कुपी पाण्याखाली नेऊन दाबली.

काच फुटली. धप्प असा आवाज झाला आणि पाणी उसळून पडद्यावर आदळलं. मामांची टोपीसुद्धा भिजली.

"वर आलंच नाही ते," चष्मेवाली हळूच म्हणाली. "पोटॅशियम तरंगायचं. हे बुडूनच फुटलं."

"बरोबर पाहिलंस," ती म्हणाली. आवाज आईसारखा निघाला.

मामांनी टोपी पिळली. कपाटातून रंगाच्या दोन डब्या आणून टेबलावर ठेवल्या.

"बाईंनीच कालवून ठेवलेत. मी म्हटलं, बाई, वस्तूचा पत्ता नाही आणि रंग कसला करताय? तर म्हणाल्या, माझी पोरगी आणेल."

तिनं पहिली डबी उघडली. चौकोनात ब्रश काठोकाठ फिरवला, एकदाही रेषेबाहेर न जाऊ देता. मग दुसऱ्या डबीचं झाकण उचलून पाहिलं. रंग आणखी गडद होता. रुबिडियमच्या खालच्या सीझियमचा.

"आणि हा, मामा?"

"तो तुमचा नाही म्हणाल्या."

तिनं झाकण घट्ट दाबून बसवलं आणि डबी चष्मेवालीच्या हातात दिली.