जिंतूरचा आवाज

मंडपामागच्या पडद्याआड मनिषा लेकराला पाजत बसली होती. तेवढ्यात धम्मशीला आत आली. जयभीम नाही, काही नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "सगळं म्हण, पर पाटीचं गाणं म्हणायचं न्हाई."

"लोक फर्माईश करतेलच की, ताई."

"करू देत. घसा बसलाय म्हण. आईचाबी बसलाच होता की." धम्मशीला हसली, पण त्या हसण्यात नुसते दात होते. "आन् ध्यानात ठेव, आई गेली म्हणून तू सुलाबाई होत न्हाईस. कोरसवाली व्हतीस, कोरसवालीच मरशील."

लेकरानं दूध सोडून आवाजाच्या दिशेला मान वळवली. मनिषानं त्याचं तोंड पुसलं, पदर सारखा केला. बोलण्यासारखं जे होतं ते आता तिघांनाच ठाऊक होतं: तिला, धम्मशीलेला आणि ढोलकीवाल्या सिद्धोधनला.

धम्मशीलेची आई सुलाबाई म्हणजे जिल्ह्यातलं नाव. भीमजयंतीला तिची गायन पार्टी मिळावी म्हणून गावागावांत भांडणं लागायची. तिनं पहिली ओळ उचलली की पार मागं चहाच्या गाड्याशी उभी माणसंसुद्धा सरकत सरकत पुढं यायची. मनिषा लग्न होऊन बाईच्या गावात, झरीत आली आणि बाईच्या मागं कोरसला बसू लागली. बाईनं ओळ सोडायची, मनिषानं झेलायची. पुढं बाईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरनं गाणं बंद सांगितलं. पण गाणं बंद म्हणजे बाईचा श्वासच बंद! जिंतूरच्या कार्यक्रमात पहिल्याच ओळीला आवाज फाटायला लागला, तेव्हा बाईनं मागं न बघता हात मागं केला आणि मनिषाचं मनगट धरलं. मनिषानं ओळ उचलली. बाईचे नुसते ओठ हलत राहिले. मनिषाचेही हलत होते, पण कोरसवालीचे ओठ कोण बघतं?

ते पाटीचं गाणं लोकांनी मोबाईलवर घेतलं आणि ते घरोघर गेलं. वरातीत तेच, जयंतीला तेच, ऑटोत तेच. "काय आवाज हाय म्हातारीचा, या वयात!" बाई असेपर्यंत मग असंच चाललं. मनिषा पोटुशी होती तेव्हा गाणं संपलं की बाई तिच्या पोटावर हात ठेवायची आणि घोगरं, अर्धं हवेतच विरणारं बोलायची, "ह्येच्या वाट्याचा श्वास मी घ्यायलेय गं." कुणाला सांगू नको, असं ती कधी म्हणाली नाही. सांग, असंही नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं होतं. विहारापुढं मंडप घातला होता. शाळेतले धम्मानंद गुरुजी कार्यक्रमाचे आयोजक. पार्टीतलं गाणारं उरलंसुरलं कोण, तर मनिषा, म्हणून बाईला स्वरांजली वाहायला तिलाच उभं केलेलं. लेकरू सासूकडं देऊन ती मंचावर आली आणि दोन गाणी खालच्या पट्टीत, अंग चोरून म्हणाली. टाळ्या पडल्या, उपकार केल्यासारख्या.

मग मंडप ओरडायला लागला. "पाटीचं! पाटीचं म्हणा!"

पुढच्या रांगेतून धम्मशीलेनं मान हलवली. नाही.

मनिषानं तिच्याकडं नीट बघून घेतलं. एकदा, फक्त एकदा, आपला आवाज आपल्या तोंडानं, समोर तोंड करून लावावा, एवढंच तिला वाटत होतं. तिनं पट्टी चढवली.

"पाटी माझ्या हातामधी, अक्षर तुझ्या नावाचं..."

मंडप चिडीचूप झाला. ओळखलं, असं वाटून मनिषाचा ऊर भरून आला. तेवढ्यात जिंतूरहून आलेला एक दाढीवाला उठला.

"ओ, रेकॉर्ड हाय ही! ह्यो तर जिंतूरचा आवाज हाय, सुलाबाईचा!"

"मोबाईल लावलाय कुठंतरी. तोंड हालवायलीय नुसती!"

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायलीस व्हय गं?"

पाण्याची बाटली येऊन मंचावर आदळली. कुणीतरी स्पीकरच्या मागं जाऊन वायरी उचकायला लागलं. धम्मानंद गुरुजी घाम पुसत आले. "मनिषाताई, झालं ते झालं. माफी मागा आन् उतरा खाली."

धम्मशीलेच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं. ती हाताची घडी घालून बसली होती. मग मोठ्यानं म्हणाली, "माग माफी."

सिद्धोधननं ढोलकीवर वाकून हळूच म्हटलं, "माफी मागितलीस तर तू चोर. गायलीस तर बाई चोर. तुझं तू बघ."

धम्मशीलेच्या डोळ्यांत कणभर विनवणी असती, तर मनिषा खाली उतरली असती. तिथं नुसता तिरस्कार होता. आणि मागं सासूच्या कडेवर तिचं लेकरू आईला शिव्या देणाऱ्या माणसांकडं टकामका बघत होतं.

मनिषानं माईकचं बटण बंद केलं. माईक खाली ठेवला. आणि उघड्या गळ्यानं तीच ओळ पुन्हा घेतली.

आवाज शेवटच्या खांबापर्यंत गेला. वायरी उचकणारे हात थांबले. दाढीवाला उभाच राहिला.

सतरंजीवर पुढं कस्तुराबाई बसली होती, सुलाबाईची लहानपणापासूनची सोबतीण. तिनं सावकाश धम्मशीलेकडं मान वळवली. "म्हंजी जिंतूरलाबी हीच व्हती का गं?"

धम्मशीलेच्या हाताची घडी सुटली आणि नजर मंचावरच्या आईच्या फोटोकडं गेली. त्यातच सगळ्यांना कळलं.

"आमाला येड्यात काढलं म्हातारीनं!" दाढीवाला म्हणाला आणि चपला शोधायला लागला. धम्मशीला मंचावर चढली, हारासकट आईचा फोटो उचलला आणि मनिषाच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "झालं समाधान? खाल्लंस माझ्या आईला?"

ती फोटो छातीशी धरून निघाली. तिच्यामागं अर्धा मंडप उठला. गुरुजी याला अडव, त्याला अडव करत राहिले.

एवढी वर्षं हवं होतं ते मनिषाला मिळालं, आणि हातात निखारा आल्यासारखं झालं. ती खाली बघत उभी राहिली.

"थांबलीस कशाला?" कस्तुराबाई जागची हलली नव्हती. "पुढचं कडवं म्हण. गाणं ऐकाय बसलेय मी." मग पदरानं डोळे पुसून कडक आवाजात म्हणाली, "पर तुला माफ न्हाई केलं. तिलाबी न्हाई."

सिद्धोधननं थाप दिली. मनिषानं कडवं उचललं. ओळीच्या शेवटी, सवयीनं, तिनं कोरससाठी जागा सोडली. कुणीच ती झेलली नाही. तिनं श्वास घेतला आणि ती ओळही आपणच म्हटली.