येलवालची सीताफळं

वायपरच्या रबराखाली नारळाच्या शेंडीचा एक तांबूस धागा अडकला होता. बोटभर लांब, वाऱ्यानं थरथरणारा… आणि त्याच्या वीतभर वर गाडीच्या काचेचा तो तडा, मधोमध पांढरा चुरा आणि तिथून चहूकडे पळालेल्या रेषा. तुंगाला वाटलं, आत्ताच्या आत्ता हा धागा काढून टाकावा. पण इन्शुरन्सचा सर्व्हेयर पद्मनाभ मोबाइल डोळ्यांसमोर धरून नेमका तिथंच वाकला होता, आणि तिचा नवरा हयग्रीव त्याला सांगत होता, की येलवालहून येताना पुढच्या लॉरीच्या चाकाखालून दगड उडाला.

दगड कसला… आयुधपूजेला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, सगळं रीतीप्रमाणे. गाडीवरून नारळ ओवाळून फोडायचा मान दरवर्षी सासूबाईंचा. यंदा त्यांचा खांदा धरला म्हणून त्यांनी तो तुंगाच्या हातात दिला. तिनं तो असा काही आपटला, की पायरीवरून उसळून थेट काचेवर. नारळ फुटायचा सोडून काच फुटली. "अय्यो, येवढा राग कुणावर काढलीस ग?" सासूबाई म्हणाल्या.

राग होताच. गाडी तुंगाच्या नावावर, पण पुढची सीट सासूबाईंची. चामुंडीला जा, नंजनगूडला जा, मी आपली मागे. तो आईशी बोलतो, मान जराशी वळवून, हसतो, आणि माझ्या वाट्याला त्याच्या कानाची मागची बाजू… इतक्या वर्षांत तेवढी मात्र मला पाठ झाली आहे. आज सासूबाई घरीच होत्या, पुढची सीट रिकामी होती, तरी म्हैसूरबाहेर हिनकलच्या या गॅरेजपर्यंत येताना ती सवयीनं मागेच बसली होती. "नारळ म्हटलं तर क्लेम देणार नाहीत, तू सुम्ने, गप्प उभी राहा," एवढंच त्यानं वाटेत सांगितलं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. बायकोचा वेंधळेपणा झाकतोय, म्हणजे माया आहे तर.

"मॅडमही गाडीत होत्या?" पद्मनाभनं कन्नडमध्ये विचारलं.

"हो की. शेजारीच." हयग्रीवनं तसंच कन्नडमध्ये उत्तर दिलं, आणि मग, कुणी विचारलं नसताना, पुढं सांगत राहिला. सकाळचं ऊन समोरून येत होतं. काच तडकली तशी हिनं माझा हात घट्ट धरला. गाडी बाजूला घेतली, झाडाखाली थोडा वेळ बसून राहिलो… घाबरली होती हो, तिला जरा शांत होऊ दिलं.

तुंगा ऐकत राहिली. कोण ही? त्याच्या शेजारी बसलेली, घाबरली की हात धरणारी, आणि जिच्यासाठी हा माणूस, ज्याला भाजीच्या गाड्यापाशी दोन मिनिटं थांबवत नाही तो, चक्क झाडाखाली बसून राहतो… तिचं नाव तुंगा म्हणे. तुंगाला तिचा हेवा वाटला. मग स्वतःचंच हसू आलं, की बाई, जी नाहीच तिच्यावर कसली जळतेस. आणि हसू ओठांवर यायच्या आत दुसरा विचार आला. याची नोकरी नंजनगूडला. येलवाल पार उलट्या दिशेला. खोटं बोलायला एक लॉरी आणि एक दगड पुरे होता. झाडाची सावली कशाला हवी होती?

पद्मनाभ तिच्याकडे बघत होता. असंच ना, मॅडम?

ती जागा माझी आहे, तिच्या मनात आलं. खोटी तर खोटी, पण माझ्या नावानं दिलेली. "हो," ती म्हणाली, "मग आम्ही तिथंच पेरू घेतले. तिखट-मीठ लावून."

"पेरू नव्हे," हयग्रीव म्हणाला, "सीताफळं."

अगदी सहज. जेवताना मीठ कमी आहे म्हणावं, तसं. आणि हयग्रीव तर सीताफळाला हात लावत नाही. बिया थुंकत बसायचा त्याला कंटाळा. घरी आणलीच तर सासूबाई आणि ती, दोघीच खातात… मग तिथं कुणासाठी घेतली?

पद्मनाभनं वायपर उचलला, तो धागा चिमटीत धरला आणि हसला. "सर, हा नारळ, अल्वा, होय ना? आयुधपूजेनंतर मला हेच काम. अहो, नारळानं फुटली तरी क्लेम मिळतो. दगड कशाला आणलात मध्ये? खरं तेच लिहितो."

हयग्रीवही हसला. त्याचे कान लाल झाले होते. "हिचं नाव यायला नको, म्हणून…" तो म्हणाला. असेलही तसं. तसंच असेल.

काच यायला वेळ होता; तोवर गाडी घरी न्यायची. तुंगानं पुढचं दार उघडलं आणि बसली. हयग्रीवनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. तडा आता बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होता, त्यातून रस्त्याचे तुकडे दिसत होते.

"येलवाल इथून लांब आहे?" तिनं विचारलं.

"का ग?"

"सुम्ने. सहज."

"आई वाट बघत असेल," तो म्हणाला आणि गाडी म्हैसूरच्या दिशेनं वळवली. त्याचा डावा हात गिअरवर होता, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. तिनं आपले हात मांडीत एकमेकांत गुंतवून ठेवले. सकाळपासून तिला एकच भीती होती, की याचं खोटं पकडलं जाईल. आणि आता ती त्याच्या शेजारी बसून मनातल्या मनात विनवत होती, खोटंच असू दे… ते ऊन, ते झाड, ती सीताफळं, तो घट्ट धरलेला हात… सगळं खोटंच असू दे.