गिरजाआत्याची पदे

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात गिरजाआत्या धान पाखडायला बसली, की सुपातून आधी ताल निघे आणि मग तिच्या ओठांवर शब्द उमटत. उडत्या फोलाच्या सोनेरी धुळीत तिचे कृश हात, कुंकवाविना कपाळ आणि अर्धोन्मीलित डोळे असे विरघळून जात, की तो ऋतूच स्वतःशी गुणगुणत असल्याचा भास होई.

माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण वैधव्यानंतर दिघोरीला आमच्याकडे आली आणि राहिली. वडिलांची नाटकमंडळी होती. दिवाळी सरली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, प्रयोग लागत. नाटक कुणाचेही असो, पदे आत्याची. तिला अक्षरे जेमतेम जुळवता येत, म्हणून ती सांगे आणि मी, शाळकरी पोर, वहीत उतरवून घेई. प्रत्येक पदाखाली मी वडिलांचे नाव लिहीत असे. तशी त्यांची आज्ञा होती.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर मंडळीची नवी पत्रके निघायची होती. वडील मजकूर घेऊन भंडाऱ्याला निघाले, तेव्हा आत्या उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा, या डाव माहं नाव टाक ना."

"कायले? तुहं नाव कोन वळखते, गिरजे?"

"म्हनूनच त सांगून राहिली. टाकशील त वळखतील."

वडील हसले आणि एसटी गाठायला चालू लागले. पत्रकावर त्यांचेच नाव आले. आत्याने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी मला नवे पद सांगायला बसली. तिच्या त्या मुकाट्याने पुढे जाण्यातली हिंसा कळायला मला फार वर्षे लागली.

पुढे तंबाखूने तिचा जबडा पोखरला. नागपूरच्या शस्त्रक्रियेत अर्धी जीभ गेली. उरला तो शब्दहीन, ओलसर ध्वनी. त्याच वर्षी वडील वारले. साकोलीला शोकसभा झाली. 'थोर गीतकार' म्हणून वक्त्यांनी त्यांना गौरविले, आणि एका तरुण नटीने आत्याने रचलेला मातेचा विलाप गायला. सभागृह रडले. आत्या माझ्याशेजारी, तोंडावर पदर धरून, निश्चल बसली होती.

"घरचं कोनी बोलनार काय?" अध्यक्षांनी विचारले.

मी तेव्हा शिक्षिका होते. चारचौघांत बोलण्याची सवय होती. आत्याने माझ्याकडे पाहिले. पुढच्या रांगेत माझी आई बसली होती. मी उठले आणि म्हणाले, "बाबा लय मोठे होते." एवढेच.

घरी आल्यावर आत्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वाकड्या अक्षरांत लिहिले : 'गानाऱ्या पोरीनं वाट म्हटलं. माहा शब्द वात होता.' मी वही काढून पाहिली. माझ्याच सुबक हस्ताक्षरात तिथे 'वाट' लिहिलेले होते.

त्या चैत्रात ती गेली. आता मी सांगते, पदे तिची होती. लोक सौजन्याने मान हलवतात. वह्या माझ्याविरुद्ध साक्ष देतात.

मृत्यूने तिला नेले, हे काळाच्या ओघात मी स्वीकारले. पण ती हयात असतानाच तिची जी अनुपस्थिती आम्ही घरात रुजवली, तिचा शोक कोणत्या तिथीला करायचा, हे मला अजून उमगलेले नाही.