माझ्यापेक्षा बुटका, माझ्यापेक्षा मऊ

मित्रांनो, मी एक जुना स्नोबोर्ड आहे, आणि स्वस्थ बसणे मला जन्मापासून जमलेले नाही. उतार दिसला की माझा जीव खाली धावतो. हा माझा गुण की दोष, हे माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा गाभा पॉप्लरच्या लाकडाचा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका कारागिराने त्या लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या, वर-खाली काचतंतूचे कापड चढवले, राळ ओतली, दोन्ही बाजूंना पोलादी कडा बसवल्या आणि मला गरम दाबयंत्रात घातले. बाहेर आलो तेव्हा माझी पाठ किंचित कमानदार होती. टेबलावर ठेवले की माझे नाक आणि शेपटी तेवढी टेकत आणि पोटाखालून कागद सरकवता येई. ही कमान म्हणजेच माझी ताकद. जड माणूस वर उभा राहिला की ती दबते, सगळी कड बर्फात रुतते, आणि वळण संपताना तीच कमान उसळून त्याला पुढे फेकते.

तो जड माणूस म्हणजे माझा मालक, नाव टिपेने. ओहाकुने गावचा. रुआपेहू डोंगरावरचे बर्फ रात्री सपाट करणारे अवजड यंत्र तो चालवायचा. अंगाने दांडगा, आणि पावले एवढी मोठी की साध्या बोर्डावर त्याच्या बुटांची टोके कडेबाहेर लोंबत आणि वळताना बर्फाला घासत. म्हणून त्याने मला रुंद करवून घेतले. त्याला वेग हवा होता, म्हणून मी लांब झालो. आमच्या डोंगरावरचे बर्फ सकाळी काचेसारखे कडक असते. त्यावर थरथरू नये म्हणून मला ताठ बनवले. माझ्या अंगातली एकेक गोष्ट टिपेनेच्या मापाची होती.

किती हिवाळे आम्ही दोघे त्या डोंगरावरून सुसाट खाली आलो! रात्रपाळी संपली की टिपेने घरी जाण्याऐवजी मला काखेत मारून वर जायचा. संध्याकाळी गावातल्या दारूच्या गुत्त्यावर लोक माझ्या कडेवरून बोट फिरवत आणि मान डोलावत. मी फुगून जाई.

मग एका गोठलेल्या पहाटे यंत्रावरून उतरताना टिपेनेचा पाय निसटला आणि गुडघा पिरगळला. डॉक्टरांनी गुडघ्यातले तुटलेले बंध जोडून दिले. यंत्र चालव, पण बोर्डावर पुन्हा उभा राहू नकोस, असे बजावलेही. मी गॅरेजमध्ये गेलो. एका बाजूला मटण ठेवायचा फ्रीझर, दुसऱ्या बाजूला गाजरांची पोती. माझ्या कडांवर तांबूस गंज चढला. टिपेने चहाचा कप घेऊन यायचा, नखाने माझी कड वाजवून बघायचा आणि परत जायचा. आम्हा दोघांना एकच आजार झाला होता.

अशात त्याच्या बायकोने, मेरेआनाने, बोर्ड शिकायचे ठरवले.

मेरेआना डोंगराच्या पायथ्याशी उपाहारगृहात खिम्याचे गरम पॅटिस विकते. गावातले सगळे जण वरून खाली येताना तिने वर्षानुवर्षे त्या मोठ्या काचेच्या खिडकीतून पाहिले होते. या हिवाळ्यात उपाहारगृह मंगळवारी बंद राहणार होते. तिने घरात सांगून टाकले, की नवख्यांच्या उतारावरून एकदा तरी माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्वतःच्या पायांवर यायचे आहे. एवढा एकच हिवाळा. नाही जमले तर पुन्हा त्या बर्फाकडे बघायचेसुद्धा नाही.

तिची मैत्रीण ट्रूडी डोंगरावर भाड्याने सामान देते. बर्फ पडत असले तरी ही बाई अर्ध्या चड्डीत. ती म्हणाली, ये माझ्याकडे, तुझ्या मापाचा काढून देते. टिपेनेला ते भयंकर लागले.

"घरात घोडा बांधलेला असताना भाड्याचं गाढव कशाला?" तो म्हणाला.

आणि मला बाहेर काढले. जुन्या इस्त्रीने माझ्या तळावर मेण चोळले, कडांना धार लावली. खरे सांगतो, आनंदाने मी वेडा झालो होतो. मी तिच्या मापाचा आहे का, हा विचार ना त्याच्या मनात आला, ना माझ्या.

नवख्याचा बोर्ड उभा धरला तर हनुवटीच्या आसपास यावा, असा एक ढोबळ अंदाज असतो. मी मेरेआनाच्या कपाळापर्यंत पोहोचलो. लांब बोर्ड स्थिर असतो, असे टिपेनेने ठासून सांगितले. ही अर्धीच गोष्ट खरी आहे. लांब बोर्ड वेगात स्थिर असतो. वेग नसेल तर तो नुसता लांब असतो. बूट अडकवायचे पायपट्टे त्याने थोडे जवळ आणले, पण उजवा पाय पुढे हीच ठेवण कायम ठेवली.

"माझा डावा पुढे येतो असं वाटतंय रे," मेरेआना म्हणाली.

"आपल्या घरात उजवाच पुढे असतो," टिपेने म्हणाला. घरात बोर्डावर चढलेला माणूस तेवढा तो एकटाच.

मंगळवारमागून मंगळवार गेले आणि मेरेआना पडत राहिली. का, ते मला पायाखालून नीट कळत होते. ती अंगाने हलकी. तिच्या वजनाने माझी कमान दबेचना. तिचे पाऊल लहान आणि मी रुंद, त्यामुळे तिची बोटे कडेपासून कितीतरी आत राहत. सी-सॉच्या फळीवर, मधल्या आधाराजवळ बसून दुसरे टोक उचलायचा प्रयत्न करून पाहा, म्हणजे तिची अवस्था समजेल. ती जीव खाऊन टाच दाबायची आणि मी ढिम्म. मग अचानक माझी खालची कड बर्फात अडकायची आणि ती धाडकन तोंडावर आपटायची. उताराखाली काठी टेकून उभा असलेला टिपेने ओरडून सांगायचा, गुडघे वाकव, घाबरतेस कशाला, सोड त्याला. मीही तिला ओढतच होतो. मला खाली जायचे होते.

शेवटी एका मंगळवारी ती मनगटावर पडली. थोडा वेळ उठलीच नाही. मग तिने मला पायांतून सोडवले आणि बर्फावर ठेवले, पण सुलटे, तळ खाली.

मित्रांनो, बोर्ड ठेवताना नेहमी पालथा ठेवतात. पायपट्टे बर्फात रुतले की तो हलत नाही. मेरेआनाला हे कुणी शिकवले नव्हते. मला ज्याची आस होती ते मिळाले. मी सुटलो. पाठीवर कुणी नाही, समोर मोकळा उतार, तळाला ताजे मेण. पहिला क्षण सुखाचा होता. दुसऱ्या क्षणी मला खालची मुलांची रांग दिसली. रंगीत टोप्या घातलेली मुले शिक्षिकेमागे एकामागून एक सरकत होती, आणि मला थांबता येत नव्हते. मला धावता येत होते, पण थांबवणारे पाय लागतात ते दुसऱ्याचे.

एका मुलाच्या टाचेमागून जाऊन मी नारिंगी जाळीत आदळलो. माझ्या नाकाला चीर गेली. जाळीपाशीच टिपेने उभा होता. त्याचा लाडका बोर्ड त्याच्या पायाशी फुटून पडला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग वर उतारावर पाहिले; मेरेआना कुठे दिसेना. मला ओलांडून, काठी टेकत, तो दुखरा गुडघा ओढत चढण चढू लागला.

दोघे चालतच खाली आली. तिने हात छातीशी धरला होता. मनगट मोडले नव्हते, मुरगळले होते.

"आधी तुझा बोर्ड बघ," ती म्हणाली. "मी बरी आहे."

बोर्ड मरू दे, असे काहीतरी तो पुटपुटला. पुढच्या वेळी जरा मागे रेल, असेही म्हणाला. तेव्हा ती थांबली.

"तू मला शिकवत नाहीयेस, टिपेने. तू माझ्या पायांनी घसरायला बघतोयस."

मीही तेच करत होतो. मेरेआना चावी काढून बंद उपाहारगृहाकडे वळली. तिने हातमोजे काढले होते. आता ती खिडकीआड गेली तर कायमची, हे मला कळले आणि टिपेनेलाही.

तो तिच्यामागे गेला नाही. जाळीलगतच्या, सताड उघड्या ट्रूडीच्या शेडमध्ये गेला. तिथे त्याने मान खाली घालून तिला आपल्या बायकोला बोर्ड निवडून द्यायला सांगितले. ट्रूडी टोमणा मारण्याची संधी सोडणारी नव्हे. भाड्याचं गाढव हवं झालं का रे शेवटी, म्हणाली; घोड्या-गाढवाची गोष्ट मेरेआनाने तिला सांगितलीच होती. पण लगेच जाऊन मेरेआनाला हाताला धरून घेऊन आली.

तिने मेरेआनाचे वजन विचारले, उंची नंतर. बुटाचे माप पाहिले. मेरेआना उपाहारगृहाच्या खिडकीकडे बघत असताना तिने तिला मागून हलकेच ढकलले. सावरण्यासाठी मेरेआनाचा डावा पाय पुढे आला. टिपेनेने तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मग ट्रूडीने फडताळातून एक हिरवा बोर्ड काढला. रंग उडालेला, माझ्यापेक्षा बुटका, माझ्यापेक्षा मऊ. दोन हातांनी वाकवला की वेतासारखा वाकणारा. टोके वर वळलेली, त्यामुळे कड सहज अडकत नाही. अरुंद एवढा की तिच्या बुटाची बोटे आणि टाच थेट कडांवर येत होती. गुत्त्यावर त्याला कुणी हात लावला नसता.

मनगटावर पट्टी बांधून मेरेआना पुन्हा वर गेली. टिपेनेला गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून त्याने बर्फातच बैठक मारली आणि तिच्या डाव्या पायाचा पट्टा आवळला. काय करायचे ते सांगायला त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

मी जाळीला टेकून पाहत होतो. ती टाचेच्या कडेवर, खेकड्यासारखी तिरकी, थांबत थांबत खाली येत होती. दोनदा पडली, पण बसल्यासारखी. मध्यावर तिने टाच दाबली आणि हिरवा बोर्ड चक्क वळला. इतके संथ, इतके बेढब वळण मी जन्मात पाहिले नव्हते. पायथ्याशी मेरेआना पोहोचली. टिपेने वरून काठी हलवत होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. एक पाय मोकळा केला आणि सरळ वर नेणाऱ्या सरकत्या चटईच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला अजून एकदा जायचे होते.

मित्रांनो, नवख्याला बोर्ड द्याल तेव्हा त्याचे वजन विचारा, पाऊल मापा, कुठला पाय आधी पुढे येतो ते पाहा. आपली राहून गेलेली हौस त्याच्या पायात अडकवू नका. आणि आम्हाला ठेवताना पालथे ठेवा. आम्ही कितीही लाडके असलो तरी आमच्यावर तेवढा विश्वास टाकू नका.

टिपेनेने माझी चीर राळेने बुजवली आणि मला ट्रूडीच्या शेडमध्ये विकायला ठेवले. गळ्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी आहे: 'नवख्यांसाठी नाही'. दार उघडले की मी अजूनही चुळबुळतो. नवी माणसे येतात, पाटी वाचतात आणि मला सोडून पुढे जातात. खोटे कशाला बोलू, तेव्हा मला बरे वाटते.