चौथ्या उताराची झोप

टेबलावर सात वह्या होत्या, डोंगराच्या प्रत्येक उताराची एक. शिवाय एक वजनकाटा, दोन पेनं (चालणारं एकच), आणि एक नवा संगणक. संगणकाच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण व्यवस्थापक साहेबांना वस्तू नवी दिसलेली आवडायची.

औषधी मुळ्या खणणाऱ्यांच्या या सोसायटीत वजनमावशी एकोणतीस वर्षं मुळी तोलत आणि लिहीत आल्या होत्या. वही उताराच्या नावानं असायची. खणणाऱ्यांची जुनी रीतच तशी होती: एकदा उतार खणला की सहा वर्षं त्याला हात लावायचा नाही. त्या वर्षांत मावशी वजनाचा रकाना कोरा ठेवत आणि शेजारी खणणारे सांगतील ते उतरवून घेत. ‘पानं दोन बोटं. मुंग्या परतल्या. माती अजून सैल.’

हिशेबासाठी आणलेल्या एआयनं सातही वह्या अकरा मिनिटांत वाचल्या. शेजारचा मजकूर ‘असंबद्ध’ म्हणून गाळला. कोरे रकाने शून्य धरले.

“मावशी, चौथ्या उतारावर सलग चार वर्षं शून्य,” साहेब म्हणाले. “एआय म्हणतंय, एकतर माल परस्पर बाहेर जातोय, नाहीतर माणसं आळशी आहेत.”

“उतार झोपलाय, साहेब.”

“कोण झोपलंय?”

“उतार. अजून दोन वर्षं उठायचा नाही.”

साहेब तीन सेकंद हसले. प्रशिक्षणात बहुधा तेवढंच शिकवलं असावं. “हे मी वर कळवू? उतार झोपलाय म्हणून?”

“कळवा की. वरचे तरी जागे आहेत का, ते कळेल.”

दारात दाजी उभा होता, खणणाऱ्यांतला सगळ्यांत म्हातारा. त्यानं संगणकाकडे मान वळवली. “ह्या डबड्यानं कधी मुळी बघितलीय का हो?”

“त्याला बघावी लागत नाही. ते आकड्यांवरून सांगतं.”

“म्हणजे अगदी तुमच्यासारखंच.”

साहेबांनी ते ऐकलं नाही. न ऐकण्याच्या जोरावरच ते इथवर पोचले होते. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं: चौथा उतार, अपेक्षित उत्पादन ६४२.१७ किलो. मुळी जमिनीत कुठल्या बाजूला वाढते हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना तिचं वजन दशांशानंतर दोन घरांपर्यंत माहीत होतं.

“आजच खणायचा हुकूम काढू. सही करा.”

मावशींनी पेनाला टोपण लावलं. “अंगठ्याएवढी होत नाही तोवर कुणी घेणार नाही ती. आणि आत्ता उपटलीत, तर पुढची यायचीही नाही. मी नाही सही करणार.”

“नका करू. नव्या पद्धतीत तुमची सही ऐच्छिक आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी एक बटण दाबलं. हुकूम निघाला.

सोसायटीचा एकही माणूस उतारावर गेला नाही. साहेबांनी बाहेरून वीस मजूर आणले. त्यांनी तीन दिवसांत उतार उलटा केला. साहेब खाली गाडीत बसून फोटो काढत होते, बुटांना माती लागू नये म्हणून.

व्यापाऱ्यानं माल चाळणीवर ओतला. जवळजवळ सगळाच खाली पडला. “काडेपेटीतल्या काड्या आणल्यात काय?” असं म्हणून तो गाडीत बसला.

साहेबांनी झाला प्रकार एआयला कळवला. एआयनं लगेच उपाय सुचवला: चाळणी बदला. साहेबांनी तो छापून भिंतीवर लावला.

त्या संध्याकाळी मावशी आणि दाजी चाळणीखालची मुळी पोत्यांत भरून चौथ्या उतारावर घेऊन गेले. बाकीचे खणणारे मागून आले.

“लागतील का हो, दाजी?”

“तोडल्यात मेल्यांनी मधोमध. बघू.”

नऊ दिवस ते ओणवे होऊन एकेक मुळी पुन्हा मातीत बसवत होते. मावशींनी मोजणी ठेवली. साठाव्या दिवशी त्यांनी उतार वरपासून खालपर्यंत चालून पुन्हा मोजलं.

लावलेल्या मुळ्या दोन हजार एकशे चाळीस. कोंब आलेल्या सतरा.